बर्डीच्या जुन्या घरांचे सुतारकाम आणि नूतनीकरण : प्रस्तावना

नागपूरच्या सीताबर्डीत, म्हणजे बर्डीत, नवे घर बांधायला मोकळा भूखंड जवळजवळ उरलेला नाही. त्यामुळे इथल्या लहान बांधकाम ठेकेदाराच्या हाती बहुधा उभ्या घराचेच काम येते, आणि त्या घरात माणसे राहत असतात. दाराची कुजलेली चौकट बदलायची असते, गळकी गच्ची थांबवायची असते, दोन लहान खोल्यांची एक करायची असते, ओटा नव्याने बांधायचा असतो, भिंतीतली कपाटे आणि वरचे सज्जे नव्याने करायचे असतात. ठेकेदार स्वतः, दोन-तीन सुतार, एक गवंडी, नळवाला, वायरमन आणि रंगारी एवढ्या मंडळींत काम उरकते. नकाशा असलाच तर वहीच्या पानावर काढलेला असतो. पण अशा कामात लागणारे ज्ञान मात्र लहान नाही. जुन्या घरातल्या लाकडाचा बहुतेक बिघाड पाणी, माती किंवा ऊन यांपैकी कशातून तरी सुरू होतो आणि शेवटी लाकडात दिसतो. ते मूळ न शोधता नवे लाकूड बसवले, तर दोन पावसाळ्यांत तेही पहिल्याच्या वाटेने जाते.

बर्डीची वस्ती एका काळात उभी राहिलेली नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज यांची लढाई झाली; १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले. १८६७ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी रेल्वे आली. महाल आणि इतवारी हे जुने शहर नाग नदीकाठी राहिले. बर्डी मात्र छावणी, कचेऱ्या, स्टेशन आणि बाजार यांच्यामध्ये वाढली. म्हणून इथे आणि लगतच्या धंतोली, रामदासपेठेत चार तऱ्हांची घरे शेजारीशेजारी सापडतात. मुख्य रस्त्याच्या मागच्या, मोदी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असलेली, लाकडी माडीची जुनी घरे आहेत. विटांच्या जाड भिंतींवर छत पेलणारे, सागवानी खिडक्यांचे बंगले आहेत. १९३६ मध्ये नागपूर सुधार प्रन्यास स्थापन झाल्यानंतरच्या आखीव अभिन्यासांतली स्लॅबची घरे आहेत, आणि बंगले पाडून त्यांच्या जागी उठलेल्या सदनिकांच्या इमारती आहेत. प्रत्येक तऱ्हेच्या घरात लाकूड निराळ्या कामाला लावलेले असते. माडीच्या घरात ते मजला तोलते, बंगल्यात दारे-खिडक्या धरते, सदनिकेत मुख्यतः सामान ठेवण्याच्या उपयोगी पडते. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू होत नाही.

लाकडाच्या बाबतीत मात्र नागपूरकर भाग्यवान. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांतले सागवान देशभरच्या लाकूडबाजारात आजही ‘सीपी टीक’ म्हणून ओळखले जाते. जुन्या मध्य प्रांताचे नाव त्या मालाला चिकटून राहिले आहे. आलापल्लीच्या जंगलातला आणि बल्लारशाच्या डेपोत लिलावाला येणारा माल त्यांत नामांकित. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये सागवान बल्लारशाहून गेले, आणि दिल्लीतील नव्या संसद भवनासाठीही नागपूरकडचेच सागवान वापरले गेले. महाराष्ट्र वनविकास महामंडळाचे मुख्यालय नागपुरात आहे. शहरातला लाकूडबाजार म्हणजे लकडगंज. ओंडका आरामशिनीवर चिरून घेण्याची आणि निवडून घेण्याची सोय तिथे आहे. बिजागऱ्या, कडी-कोयंडे, खिळे-स्क्रू यांसाठी इतवारीतली लोहाओळ.

सागवानाची कीर्ती त्याच्या गाभ्याची आहे. गाभ्यातले तेल आणि काही नैसर्गिक रसायने वाळवीला आणि बुरशीला दूर ठेवतात. सालीलगतच्या पांढुरक्या थरात ती नसतात. ‘सागवान आहे’ एवढ्यावर समाधान मानून घेतलेल्या चौकटीला कडेने वाळवी लागते ती याच थरात. म्हणून चिरलेला माल घेताना चारही कडा पाहाव्या लागतात. रंग लावून किंवा तेल फासून ठेवलेल्या मालात हा थर झाकला जातो, तेव्हा रंध्याचा एक हात मारून खालचे लाकूड पाहण्याचा आग्रह धरणे रास्त आहे. बाजारात आफ्रिकेतून आणि दक्षिण अमेरिकेतून आलेले लागवडीचे सागवानही मिळते. ते वाईट नसते. पण लवकर तोडलेल्या झाडात गाभा कमी आणि पांढरा थर जास्त असतो, एवढे लक्षात ठेवून त्याचा भाव ठरवावा. दारांसाठी बिजा, तुळयांसाठी साजा म्हणजे ऐन, आणि फर्निचरासाठी शिसम व शिवण ही विदर्भातल्या जुन्या सुतारांच्या ओळखीची लाकडे. आज ती लहान कामांत क्वचितच येतात.

लाकूड घनफुटावर विकले जाते, आणि ग्राहकाला हा हिशेब आला पाहिजे. सात फूट उंच, साडेतीन फूट रुंद आणि चारही बाजूंनी, म्हणजे उंबरठ्यासह असलेली चौकट घेतली तर लाकडाची एकूण लांबी २१ फूट होते. लाकूड पाच इंच बाय तीन इंच असेल तर छेद १५ चौरस इंचांचा. २१ ला १५ ने गुणून १४४ ने भागले की २.१९ घनफूट येतात. उंबरठा वगळला तर १.८२. अंदाजपत्रकात याच चौकटीला तीन घनफूट दाखवले असतील, तर उरलेले लाकूड कुठे लागले हे विचारता येते. सांध्यांची वाढीव लांबी आणि कटाई यांपोटी थोडी घट धरणे मान्य, पण तिला मर्यादा आहे. गोल ओंडक्याचे माप निराळे. घेराच्या चौथ्या हिश्शाचा वर्ग करून त्याला लांबीने गुणायची जी जुनी पद्धत आहे, तिच्यात खऱ्या घनफळाच्या साधारण साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच भरतात. म्हणून ओंडक्याचा भाव आणि चिरलेल्या मालाचा भाव सरळ एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

नागपूरचे हवामान लाकडाची जितकी परीक्षा घेते तितकी फार थोडी शहरे घेत असतील. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्या दिवसांत हवा इतकी कोरडी होते की घरातले लाकूड उरलासुरला ओलावाही सोडून देते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तेच लाकूड हवेतला दमटपणा शोषून फुगते. फुगणे-आकसणे सगळीकडे सारखे नसते. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, रुंदीत पडतो, आणि वाढीच्या वलयांना समांतर कापलेल्या फळीत तो वलयांना आडव्या कापलेल्या फळीच्या सुमारे दुप्पट असतो. सागवान या बाबतीत शांत लाकूड. तरीही ओलाव्यात सहा टक्क्यांचा फरक पडला तर फूटभर रुंदीची फळी साधारण साडेतीन मिलिमीटर हलते. अडीच-तीन फूट रुंदीचे दार नुसत्या फळ्या चिकटवून केले तर ते उन्हाळ्यात भेगाळते आणि श्रावणात चौकटीत अडकते.

जुने दिलेदार दार म्हणजे या हालचालीवर शोधलेला उत्तम तोडगा. त्यात दोन उभ्या आणि तीन-चार आडव्या पट्ट्यांचा सांगाडा असतो. आडव्या पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ उभ्या पट्टीतल्या खाचेत आरपार बसते आणि बांबूची किंवा सागाचीच खुंटी ठोकून पक्की होते. मधले दिले, म्हणजे फळ्या, मात्र कुठेही चिकटवलेले नसतात. पट्ट्यांच्या आतल्या कडेला केलेल्या खोबणीत ते नुसते बसवलेले असतात. फळीला फुगायचे असेल तेव्हा ती खोबणीत सरकते, आकसायचे असेल तेव्हा मागे येते, आणि दाराची बाहेरची मापे जवळपास तशीच राहतात. नूतनीकरणात अशा दाराची नासाडी बहुधा चांगल्या हेतूनेच होते. रंगारी खोबणीतली फट ‘भरून’ काढतो, दिला जाम होतो आणि पुढच्या मे महिन्यात मधोमध चिरतो. फट ही उणीव नव्हे, हे रंगाऱ्याला आधी सांगून ठेवणे सुताराचे काम.

यावरून दार बसवण्याचा मोसमही ठरतो. मे महिन्यात दार अगदी घट्ट मापाचे बसवले तर पावसाळ्यात ते अडणारच. तेव्हा बाजूला थोडी जागा सोडावी लागते. ऑगस्टमध्ये अडणारे दार लगेच रंधून मोकळे केले तर मार्चमध्ये त्याच्या कडेने उजेड दिसतो. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे महिने सुतारकामाला सर्वांत सोयीचे. लग्नसराईच्या आधी घर तयार हवे म्हणून कामे एप्रिल-मेमध्ये गर्दी करतात, त्यावर इलाज नाही. मात्र अशा वेळी आणलेले लाकूड आठ-पंधरा दिवस त्याच घरात, जमिनीपासून उचलून आणि फळ्यांमध्ये चिपा घालून रचून ठेवावे.

अडणारे प्रत्येक दार लाकडामुळेच अडते असे नाही. सीताबर्डीच्या टेकड्या बेसॉल्टच्या आहेत. पश्चिमेकडे दख्खनचा काळा खडक आणि पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने खडक, अशा सांध्यावर नागपूर वसले आहे. टेकडीजवळ मुरूम लवकर लागतो, सखल भागात काळी माती. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. उथळ पाया असलेली भिंत तिच्याबरोबर वर-खाली होते. तेव्हा चौकटीचा एक कोपरा दबतो आणि दार तिरके होते. दोन्हींतला फरक ओळखण्याची रीत साधी आहे. चौकटीच्या दोन्ही कर्णांची मापे घ्यावीत. ती सारखी भरली आणि दार उभ्या कडेने वरपासून खालपर्यंत घासत असेल तर लाकूड फुगले आहे. मापांत फरक असेल, दार एकाच कोपऱ्यात अडत असेल आणि चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून भिंतीत तिरकी भेग गेली असेल, तर भिंत हलली आहे. बिजागरीकडची बाजू ओळंब्यात आहे का आणि बिजागरीचे स्क्रू सैल झाले आहेत का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. पुष्कळदा दुखणे तिथेच निघते आणि दहा मिनिटांत बरे होते. भिंत हलली असेल तर दार रंधण्यात अर्थ नाही. पायाशी पाणी कुठून मुरते, छताच्या पाण्याचा नळ कुठे उतरतो, भिंतीलगत बागेला पाणी दिले जाते का, हे आधी शोधावे लागते.

नागपुरी घरातला आणखी एक रोग कूलरचा. मार्च सरता सरता खिडकीला कूलर लागतो. पाणी सतत पडत असते, आणि वूडवूलच्या किंवा वाळ्याच्या ताट्यांतून उडणारे थेंब खिडकीच्या खालच्या पट्टीवर साचतात. चार महिने ओली, आठ महिने कोरडी अशी ती पट्टी आतून पोकळ होत जाते, आणि वरून रंग शाबूत दिसतो. पाहणी करताना टोच्याने तिथेच टोचून पाहावे; टोचा सहज आत गेला तर पट्टी गेली. सबंध खिडकी काढण्याची गरज क्वचितच पडते. खराब भाग तिरका कापून नवे सागवान त्याच तिरकसपणाने जोडता येते, कारण तिरक्या सांध्यावर पाणी थांबत नाही आणि चिकटायला पृष्ठभाग मोठा मिळतो. त्यानंतर खिडकीच्या तळाला बाहेरच्या बाजूने उतार आणि खालून थेंब तोडणारी खोबण द्यावी. कूलरचे वजन चौकटीवर न टाकता लोखंडी घोडीवर घेतले, की तीच खिडकी आणखी एक पिढी टिकते.

माडीच्या घरात जोखीम जास्त, कारण तिथे लाकूड माणसांचे वजन पेलते. खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, वर फळ्या आणि पुष्कळ ठिकाणी मातीचा थर अशी माडीची रचना. तुळई मधोमध सहसा निकामी होत नाही. ती भिंतीत रोवलेल्या टोकाशी कुजते. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते आणि चुना ओलावा बाहेर सोडतो. त्या भिंतीला वरून सिमेंटचे प्लास्टर केले की ओल आत कोंडते आणि तुळईचे टोक वर्षानुवर्षे दमट राहते. मग मजला एका बाजूने नमतो, आणि घरमालक वर फरशी घालून तो ‘सपाट’ करून घेतो. कुजलेल्या टोकावर अशी वाढीव फरशी म्हणजे उघड धोका. योग्य क्रम असा: आधी तुळईला खालून टेकू, मग टोक उघडे करून किती लाकूड शाबूत आहे त्याची तपासणी, मग खराब भाग कापून दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या आणि आरपार बोल्ट घालून नवे टोक जोडणे, आणि शेवटी भिंतीत त्या टोकाभोवती हवा खेळेल एवढी पोकळी. प्लास्टर करायचे तर चुन्याचेच. हे काम संरचना अभियंत्याने पाहिल्याशिवाय ठेकेदाराने अंगावर घेऊ नये. साडेचार इंची आडभिंत पाडणे आणि छत पेलणारी नऊ इंची भिंत पाडणे या दोन कामांतही हाच फरक आहे: दुसरे अभियंत्याला दाखवल्याशिवाय करू नये.

वाळवी जमिनीतून येते, भिंतीच्या भेगांतून मातीच्या नळ्या करत चढते आणि चौकटीच्या मागच्या, भिंतीला टेकलेल्या बाजूने आत शिरते. म्हणून चौकटीची मागची बाजू बसवण्यापूर्वी डांबराने किंवा वाळवीरोधक द्रवाने माखतात, दोन्ही बाजूंना होल्डफास्ट काँक्रीटमध्ये बसवतात आणि चौकट जमिनीत न गाडता फरशीच्या पातळीवर थांबवतात. उभ्या घरात औषध भोके पाडून पायाशी सोडावे लागते. आयएस ६३१३ या मानकाचा तिसरा भाग खास त्यासाठी आहे. फक्त लाकडावर औषध मारणे अपुरे पडते.

सदनिकेतले सुतारकाम आता जवळजवळ सगळे प्लायवुडचे. आयएस ३०३ मध्ये साधा, दमटपणा सोसणारा प्लाय आणि उकळते पाणी सोसणारा प्लाय अशा प्रती आहेत. सिंकच्या खाली आणि न्हाणीघराच्या भिंतीलगत आयएस ७१० चा मरीन प्लाय वापरावा. शिक्का पाहूनच माल उतरवून घ्यावा, कारण सनमायका चढल्यावर आत काय आहे ते कळत नाही. कापलेल्या कडा उघड्या राहिल्या तर चांगला प्लायही तिथूनच उसवतो. बारीक भुशाचा दाबून केलेला बोर्ड स्वयंपाकघरात स्वस्त पडतो, पण एकदा भिजून फुगला की परत बसत नाही.

राहत्या घरात कामाच्या क्रमाला पर्याय नसतो. आधी पाणी थांबवायचे, म्हणजे गच्ची, न्हाणीघर आणि नळ. मग तोडफोड, मग वायर आणि पाइप, मग प्लास्टर आणि फरशी; ओले काम वाळल्यावर सुतार, शेवटी रंग. ओल्या प्लास्टरला टेकवलेले कपाट मागून बुरसटते. फरशी होण्याआधी घेतलेले दाराचे माप चुकते, आणि मग खालून दार कापायची पाळी येते. एका वेळी एक खोली घ्यायची, स्वयंपाकघर आणि संडास एकाच आठवड्यात बंद करायचे नाहीत, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खोलीकडे जायची वाट मोकळी ठेवायची, या गोष्टी ठेकेदाराने अंदाजपत्रकाबरोबरच ठरवून द्यायला हव्यात. उंबरठ्याचा प्रश्नही तेव्हाच विचारावा. नव्या चौकटींना तो नसतो. पण पुष्कळ घरांत त्याची पूजा होते, आणि चौकट बसल्यावर तो आठवला तर वेगळा दगडी किंवा लाकडी उंबरठा नुसता चिकटवावा लागतो.

पैशाची बोलणी दोन रीतींनी होतात: मालासकट, किंवा नुसत्या मजुरीवर. मजुरीवर काम दिले की मालाची निवड घरमालकाच्या हाती राहते आणि वाया जाणाऱ्या मालाचा भारही त्याच्यावर पडतो. कुठल्याही रीतीत कागद हवाच, कारण ज्यात विक्री किंवा नवे वाटप नाही अशी दुरुस्ती आणि नूतनीकरण २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या नोंदणीतून वगळलेले आहे. बिल्डरकडून घेतलेल्या सदनिकेला त्या कायद्याचे जे संरक्षण मिळते ते इथे नाही. ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो, पण कागदावाचून तक्रार सिद्ध करणे अवघड. लाकडाची जात आणि माप, प्लायची प्रत, बिजागरी-कुलपांची कंपनी, कोणत्या टप्प्याला किती पैसे, राडारोडा कोण उचलणार आणि भिंत उघडल्यावर अनपेक्षित काही निघाले तर दर कसा ठरणार, एवढे दोन पानांत मावते. शेवटचे कलम जुन्या घरात सर्वांत महत्त्वाचे. तोडल्याशिवाय जे दिसतच नाही, त्याचा नेमका खर्च आधी सांगणारा ठेकेदार एक तर वाढवून सांगतो किंवा नंतर भांडतो.

परवानगीचा भाग थोडक्यात असा. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ४३ नुसार केवळ इमारतीच्या आतल्या भागापुरत्या दुरुस्तीला आणि फेरफाराला विकास परवानगी लागत नाही. बाहेरचे रूप बदलणारे, क्षेत्र वाढवणारे काम महानगरपालिकेच्या मंजुरीवाचून करू नये. सदनिकेत सोसायटीचीही संमती घ्यावी. बर्डीत भाडेकरूंची जुनी बिऱ्हाडे बरीच आहेत. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ ने घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. त्याने ती टाळली तर किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत खर्च भाड्यातून वळता करू शकतो.

कारागिरांविषयी दोन शब्द. सुतारकाम इथे काही घरांत वडिलोपार्जित आहे, काही जण आयटीआयमधून येतात, आणि राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारकडच्या सुतारांच्या टोळ्या प्लायच्या कामात पुष्कळ आहेत. दिलेदार दार हाताने जुळवणारे हात कमी होत चालले आहेत. प्लाय नेमका कापणारे वाढले आहेत. दोन्ही कौशल्ये खरी आहेत, पण एकाचे काम दुसऱ्याला दिले की दोघांचीही बदनामी होते. लाकडाची आणि बोर्डाची बारीक धूळ फुप्फुसांत जाते, म्हणून मास्क, बंद खोलीत पंखा आणि करवतीला पात्याचे आवरण यांचा खर्च अंदाजपत्रकात उघड मांडावा.

शेवटी जुन्या लाकडाचा विचार. पाडलेल्या घराचे सागवान पन्नास-साठ वर्षे वाळलेले असते आणि नव्या मालापेक्षा कमी हलते. खिळे काढून, कुजकी टोके कापून, आरामशिनीवर पुन्हा चिरून घेतले तर तुळईतून चौकटी निघतात आणि माडीच्या फळ्यांतून कपाटांची दारे. चिरण्यापूर्वी प्रत्येक नगातले लोखंड चुंबकाने शोधावे, नाहीतर आऱ्याचे पाते तुटते. असे लाकूड भंगारवाल्याला वजनावर देण्याची पद्धत अजून आहे. ठेकेदाराने ते घनफुटांत मोजून, घरमालकाच्या नावे अंदाजपत्रकात जमा दाखवावे. तयार झालेल्या कामावर, निदान ज्या बाजूला ऊन-पाऊस लागतो तिथे, उकळलेल्या जवसाच्या तेलाचा म्हणजे बेलतेलाचा हात पुरेसा होतो. तो दर वर्षी पावसाळ्यापूर्वी द्यावा लागतो, आणि घरातले कोणीही तो देऊ शकते.